व्हिडिओ चष्मा : थ्रीडीमध्ये १२० हर्ट्‌झ का मिळत नाही, आणि कोणता घ्यावा?

प्रश्न
नमस्कार. लॅपटॉपला यूएसबी-सी केबलने जोडायचा आणि प्रत्येक डोळ्यासमोर स्वतंत्र पडदा असलेला व्हिडिओ चष्मा घेण्याचा विचार आहे. मित्राचा चष्मा आठवडाभर वापरून पाहिला. खोक्यावर १२० हर्ट्‌झ (म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र ताजे होणे) छापलेले असूनही थ्रीडी मोड सुरू करताच आकडा ६० वर उतरतो आणि सेटिंगच्या यादीतून १२० चा पर्यायच नाहीसा होतो. हा दोष समजावा का? मला मुख्यतः थ्रीडी ब्लू-रे चित्रपट पाहायचे आहेत.

प्रतिसाद १
दोष नव्हे. थ्रीडीत दोन्ही डोळ्यांची चित्रे शेजारी-शेजारी ठेवून ३८४० बाय १०८० ची एकच रुंद चौकट पाठवली जाते. पिक्सेलमागे २४ बिट धरले, तर ६० हर्ट्‌झला सेकंदाला सुमारे ६ गिगाबिट लागतात आणि १२० ला १२, म्हणजे ६० हर्ट्‌झच्या फोर-के चित्राइतके. यूएसबी-सी केबलमधून चित्र नेणाऱ्या डिस्प्लेपोर्ट १.२ या पद्धतीच्या चार लेनमधून (तारांच्या जोड्यांमधून) सेकंदाला १७.२८ गिगाबिट जाऊ शकतात. मात्र त्याच केबलमधून यूएसबी ३ चा डेटाही जात असेल, तर चित्रासाठी दोनच लेन उरतात आणि गाडी ८.६४ वर अडते. चष्म्यातील चिपची मर्यादा वेगळीच, ती केबल बदलून सुटत नाही. त्यामुळे माहितीपत्रकात थ्रीडी मोडचा रिफ्रेश रेट (हर्ट्‌झचा आकडा) स्वतंत्र दिला आहे का, एवढे आधी पाहावे.

प्रतिसाद २
चित्रपटांसाठी १२० चा हट्ट सोडावा, असे माझे मत आहे. थ्रीडी ब्लू-रे बहुधा सेकंदाला २४ चौकटींचे असतात आणि ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चौकट दोनदा तर पुढची तीनदा दिसते. दुकानात श्रेयनामावली वर सरकताना पाहा, अक्षरे अडखळत चढताना दिसतील. थ्रीडीतही ४८ किंवा ७२ हर्ट्‌झ देणारा चष्मा मिळाला, तर तोच घ्यावा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. १२० हर्ट्‌झचा जुना मॉनिटर आणि शटर चष्मा स्वस्तात मिळतो आहे, तो चालेल का?

प्रतिसाद २
शटर चष्मा डोळे आळीपाळीने झाकतो, म्हणून त्यातही डोळ्यागणिक ६०च मिळतात. शिवाय एनव्हिडियाने थ्रीडी व्हिजनला (अशा शटर चष्म्यांसाठीच्या आपल्या प्रणालीला) नव्या ड्रायव्हरमधून २०१९ मध्येच वगळले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. ६० वेळा उघडणाऱ्या शटरमधून ती वीसेक वेळा फडफडल्यासारखी दिसते. आमच्याकडे चित्रपट लागला की आधी ट्यूब बंद करावी लागत असे.