घरच्या कॉम्प्युटरवर कोणते छोटे प्रोग्राम ठेवावे?

मनीषनगरवाला:
नमस्कार मंडळी. घरी जुना डेस्कटॉप आहे, विंडोज १०, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क. वापरतात मुख्यतः बाबा, बँकेची स्टेटमेंट बघणं, सोसायटीची पत्रं मराठीत टाइप करणं, नातवंडांचे फोटो, बस एवढंच. मागे नागपूरच्या बर्डीवरून फॉरमॅट करून आणला तर दुकानवाल्यानं दोन क्लीनर, एक ड्रायव्हर (प्रिंटर, साउंड वगैरे चालवणारे प्रोग्राम) अपडेटर, एक रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करणारा असं कायकाय टाकून दिलं, आता चालू व्हायलाच खूप वेळ घेऊन राहिला, आणि वरून "शेकडो एरर सापडल्या, पैसे भरा" अशी खिडकी उघडते नं, बाबा घाबरतात. सगळं काढायचं आहे. ठेवू काय? फुकट असलं तर बरं.

वर्धारोड_सिस्टीम:
भाऊ, ते चारही आजच काढा. रजिस्ट्री साफ केल्यानं मशीन फास्ट होत नाही, मायक्रोसॉफ्टसुद्धा असे क्लीनर वापरू नका म्हणते. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधूनच येऊ द्या. कचरा काढायला सेटिंगमध्ये स्टोरेज सेन्स आहे, अँटिव्हायरस म्हणून विंडोजचा डिफेंडर पुरतो. झिपसाठी सेव्हन-झिप, १९९९ पासून आहे, फुकट, रार फाइलपण उघडते. व्हिडिओला व्हीएलसी. पीडीएफला सुमात्रा, एकदम हलकं, बँकेचं पासवर्डवालं स्टेटमेंटही उघडतं, फक्त फॉर्म भरायचा असला तर एज ब्राउझरमध्ये उघडा.
आणि एक सांगतो, नाव गुगलमध्ये टाकून पहिल्या लिंकवर क्लिक करू नका, तिथं बरेचदा जाहिरात असते. बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्या आणि इन्स्टॉल करताना टिक केलेले चौकोन वाचा, नको ते तिथूनच घुसतं.

धरमपेठची_ताई:
माझ्याकडून एव्हरीथिंग नावाचं ॲड करा. फाइलचं नाव टाइप करता करता फाइल समोर येते, कारण ते एकेक फोल्डर धुंडत बसत नाही, डिस्कवर फाइलींची जी यादी आधीच असते तीच वाचतं. आमच्या आईला "परवाचं पत्र कुठं सेव्ह झालं" हा प्रश्न रोज पडायचा, आता पडत नाही.
मराठीसाठी वेगळं काही टाकूच नका. विंडोज १० च्या २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप केलं की मराठी उमटवणारा) कीबोर्ड आतच आहे. भाषेत मराठी घ्या, ऑप्शनमध्ये जाऊन तो कीबोर्ड जोडा, मग विंडोज की आणि स्पेस दाबलं की इंग्रजी-मराठी बदलतं. काकांची जुनी पत्रं कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतील तर तो फॉन्ट ठेवा, काढला तर सगळं अगडबगड दिसेल, पण नवीन पत्रं युनिकोडमध्येच (कुठल्याही मशीनवर वाचता येणारी अक्षरं, हा कीबोर्ड तीच टाइप करतो) करायला सांगा, व्हॉट्सॲपवर जशीच्या तशी जातात.

इतवारी४४०:
दोघांचंही बरोबर आहे पण एक गोष्ट राहिली. क्लीनर काढूनही मशीन रडत असेल तर? आधी क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून डिस्कची तब्येत बघा. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावधान, लाल म्हणजे गेली. तापमानपण तिथंच दिसतं, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि कॅबिनेटमध्ये धूळ भरलेली असते, ते बघणं लागतंच.

मनीषनगरवाला:
सगळ्यांचे आभार. चारही काढले, खिडकी बंद झाली. पण इतवारी भाऊ, क्रिस्टलमध्ये पिवळं दाखवून राहिलं बाप्पा, रिअलोकेटेड सेक्टर्स काउंटच्या ओळीसमोर. आता काय करू? डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे डिस्कवर एकत्र लावणं) मारू का?

इतवारी४४०:
डीफ्रॅग अजिबात नको! डिस्कचे काही भाग खराब झाले आणि तिनं त्यांच्या जागी राखीव भाग वापरायला घेतले, असा त्याचा अर्थ. डीफ्रॅगनं तिला अजून राबवून घ्याल. पहिले फोटो आणि पत्रं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, आजच, बाकी सगळं नंतर. मग २५६ जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) घेऊन विंडोज त्यावर नव्यानं टाका, चालू व्हायला लागणारा वेळ खरा तिथं वाचतो, कोणत्याच प्रोग्रामनं तेवढा फरक पडत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून तुमचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालत असेल तर ११ च टाका. आणि दुकानात देताना स्पष्ट सांगा, विंडोजशिवाय काहीच टाकायचं नाही.

वर्धारोड_सिस्टीम:
+१. कॉपी झाल्यावर दोनचार फोटो त्या डिस्कवरून उघडून बघा, नुसती कॉपी झाली म्हणून सोडू नका.