रोममध्ये वरच्या मजल्यावर राहणारा माणूस फुकट मिळालेल्या गव्हाचे काय करत असे?

जिज्ञासू:
प्राचीन रोमविषयी वाचताना दोन गोष्टींचा मेळ मला काही केल्या घालता येत नाही. शहरातील नागरिकांना सरकारी कोठारातून दरमहा धान्य फुकट मिळत असे, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. त्याच शहरातील बहुसंख्य लोक ‘इन्सुला’ म्हणजे भाड्याच्या अनेकमजली इमारतींत राहत आणि त्यांच्या एक-दोन खोल्यांत स्वयंपाकघर, धुराडे किंवा नळ यांपैकी काहीही नसे, असेही तितक्याच ठामपणे सांगितले जाते. दोन्ही विधाने खरी मानली, तर चौथ्या मजल्यावरच्या माणसाने ते अख्खे गहू दळायचे कोठे आणि त्याचा पाव भाजायचा कोठे? सरकार सरळ पीठ किंवा पाव का देत नसे? या विषयाचा ज्यांचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया खुलासा करावा.

जुने नाणे:
प्रश्न मार्मिक आहे; मात्र उत्तराआधी ‘फुकट धान्य’ या शब्दांविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमज दूर करायला हवा. ही गरिबांसाठीची मदत नव्हती. इ.स.पू. १२३ मध्ये गायस ग्राकस या लोकनेत्याने नागरिकांना ठरावीक स्वस्त दराने धान्य देण्याचा कायदा केला आणि इ.स.पू. ५८ मध्ये क्लोडियस या दुसऱ्या लोकनेत्याने ती किंमतही काढून टाकली. यादी इतकी फुगली, की ज्युलियस सीझरने ती तपासून घेतली तेव्हा ३,२०,००० नावांची १,५०,००० झाली. पुढे पहिला सम्राट ऑगस्टस याच्या कारकिर्दीत ती दोन लाखांच्या आसपास राहिली. या यादीत रोममध्ये राहणारे नागरिक पुरुष असत. परदेशातून आलेला हमाल कितीही उपाशी असला तरी त्याचे नाव तीत नसे, आणि बऱ्यापैकी कमाई असलेला दुकानदार नागरिक असल्यामुळे रांगेत उभा असे. त्याला त्यात कमीपणा वाटत नसे. उलट आपण अमुक तारखेला अमुक क्रमांकाच्या दारातून धान्य घेत होतो, हे काहींच्या थडग्यांवर अभिमानाने कोरलेले आहे.

वाटा होता महिन्याला पाच मोदिउस, म्हणजे सुमारे ३३ किलो गहू. रोजचे साधारण एक किलो झाले. एकट्या माणसाला ते पुरून उरेल, पण बायको-मुले असलेल्याला काही धान्य विकत घ्यावेच लागणार. (हे ओझे खांद्यावर घेऊन चार जिने चढणाऱ्याचा विचार मात्र कोणत्याही इतिहासकाराने केलेला मी पाहिला नाही.)

आता मूळ मुद्दा. धान्य इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेतून जहाजांनी येत असे, आणि गहू कोरडा ठेवला तर महिनोन्‌महिने टिकतो, तर पीठ लवकर खराब होते. त्यामुळे गहू गव्हाच्याच रूपात साठवणे आणि वाटणे सोयीचे होते. दळण आणि भाजण या दोन्हींची सोय शहरातील ‘पिस्तोर’ करत. या शब्दाचा मूळ अर्थ ‘कांडणारा’ असा आहे, आणि तो योग्यही आहे, कारण गिरणीवाला आणि बेकरीवाला असे दोन वेगळे व्यवसाय तेथे नव्हतेच. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरातील बेकऱ्यांत एकाच आवारात ज्वालामुखीच्या खडकाची, डमरूच्या आकाराची मोठी जाती आणि शेजारी विटांची घुमटाकार भट्टी दिसते. जाती गाढवे किंवा गुलाम फिरवत. तेथील एका भट्टीत इ.स. ७९ च्या उद्रेकात कोळसा झालेले ८१ पाव जसेच्या तसे सापडले. त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या शेजारच्या हर्क्युलेनियम गावातील एका पावावर तर ‘क्विंटस ग्रानिउस वेरुस याचा गुलाम केलेर’ असा शिक्का आहे. सामायिक भट्टीत कोणाचा पाव कोणता हे कळण्यासाठीच असा शिक्का मारला गेला असावा, असे मला वाटते. लोक आपला गहू बेकरीत देत आणि मोबदल्यात पाव घेत, हा तर्क अशा पुराव्याशी जुळतो.

रोममध्ये हे नेहमीच असे नव्हते. प्लिनी हा रोमन लेखक सांगतो, की मॅसेडोनियाचा राजा पर्सेउस याच्याशी झालेल्या युद्धापर्यंत, म्हणजे इ.स.पू. १७१ च्या सुमारापर्यंत, शहरात व्यावसायिक बेकरीवाले नव्हते आणि पाव घरोघरी बायकाच करत. त्याही आधीचे मुख्य अन्न होते ‘पुल्स’, म्हणजे भरडलेल्या धान्याची घट्ट पेज. तिला भट्टी लागत नाही. एक मडके आणि थोडा विस्तव पुरतो.

पडकी भिंत:
‘थोडा विस्तव पुरतो’ हे वाक्य वरच्या प्रतिसादात ओघात आले असले, तरी माझ्या मते खरे उत्तर तेथेच आहे. स्वयंपाकघर नव्हते म्हणजे स्वयंपाक होत नव्हता, असा अर्थ काढणे घाईचे आहे. वरच्या मजल्यांवर बांधलेली चूल नसे, पण उचलून नेता येणारी धातूची किंवा भाजक्या मातीची शेगडी असे.

त्याचा पुरावा थेट कायद्यातच मिळतो. ऑगस्टसने इ.स. ६ मध्ये आग विझवण्यासाठी आणि रात्रीच्या गस्तीसाठी ‘विगिलेस’ नावाचे दल उभारले; त्याच्या सात तुकड्या होत्या आणि प्रत्येकीकडे शहराचे दोन विभाग होते. या दलाच्या प्रमुखाची कर्तव्ये सांगताना पाउलुस हा कायदेपंडित लिहितो, की प्रत्येक भाडेकरूने आपल्या वरच्या खोलीत पाणी भरून ठेवावे, अशी ताकीद त्याने द्यावी. आणि विस्तवाबाबत निष्काळजीपणा करणाऱ्यास त्याला छड्या मारवता येत. वरच्या खोल्यांत कोणी विस्तव पेटवतच नसता, तर अशा ताकिदीचे कारणच काय होते? थंडीसाठी शेगडी पेटवत असतील, असे कोणी म्हणेल; पण पेटलेल्या शेगडीवर मडके ठेवण्यापासून कोणाला कोण अडवणार?

धोका मात्र खराच होता. वरचे मजले लाकडी चौकटीचे आणि कुडाचे असत, आणि अशा भिंती जणू मशालीसारख्या पेटण्यासाठीच केलेल्या असतात, अशी तक्रार वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने केली आहे. ऑगस्टसने रस्त्यालगतच्या इमारतींची उंची ७० रोमन फुटांवर, म्हणजे सुमारे २१ मीटरवर, मर्यादित केली आणि पुढे सम्राट ट्राजानने ती ६० फुटांवर आणली. आग नाही लागली, तरी इमारत कोसळण्याची भीती होतीच. प्रसिद्ध वक्ता व राजकारणी सिसेरो स्वतः घरमालक होता. इ.स.पू. ४४ मधील एका पत्रात तो मित्राला कळवतो, की आपली दोन दुकाने पडली, उरलेल्यांना तडे गेले आहेत आणि भाडेकरूच नव्हे, तर उंदीरही निघून गेले आहेत. सूर विनोदाचा आहे. तडे गेलेल्या भिंतींखाली झोपणाऱ्यांना तो कितपत रुचला असता, हा प्रश्न वेगळा.

पाण्याविषयीही थोडे सांगतो. इ.स. ९७ मध्ये फ्रोंटिनस पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला तेव्हा शहराला नऊ जलवाहिन्या पाणी पुरवत होत्या, पण घरात नळ घ्यायला सम्राटाची परवानगी लागे. बाकीच्यांनी चौकातल्या हौदावरून पाणी भरायचे आणि वर न्यायचे. साहजिकच जितका वरचा मजला, तितके भाडे कमी.

रात्रीचा वाचक:
रस्त्यावरच्या खाणावळी कोणी उल्लेखल्या नाहीत, म्हणून लिहितो. पाँपेईत दगडी ओट्यात रांजण बसवलेली अशी दीडशेच्या आसपास ठिकाणे मोजली गेली आहेत. सम्राटांना मात्र ती खुपत. नीरोने तेथे भाज्या आणि कडधान्ये सोडून शिजवलेले काहीही विकायला बंदी केली, आणि पुढे व्हेस्पेसियनने केवळ कडधान्यांपुरती मोकळीक ठेवली. एकाच विषयावर पुन्हा पुन्हा हुकूम काढावे लागले, यावरून ते किती पाळले जात असतील याची कल्पना यावी.

तरीही सामान्य माणूस रोज बाहेरच खात असे, हे मला पटत नाही. हर्क्युलेनियममध्ये दुकाने आणि वरच्या मजल्यांवरची घरे असलेल्या एका इमारतीखालचा मैलागटार उपसला गेला. त्यातील मलात आणि कचऱ्यात अंजिरे, ऑलिव्ह, अंड्यांची टरफले, अनेक जातींच्या माशांचे काटे आणि समुद्री अर्चिन या काटेरी जलचराचे अवशेषही मिळाले. घरातून खाली टाकलेला हा केर पाहता तेथे कोणीतरी मासे साफ करत होते, हे उघड आहे. अर्थात ते लहान, सुखवस्तू आणि समुद्रकाठचे गाव होते; रोमच्या गर्दीतील पाचव्या मजल्याला हा पुरावा जसाच्या तसा लावता येणार नाही.

जिज्ञासू:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेगडी आणि बेकरी ही दोन्ही उत्तरे एकमेकांना पूरक आहेत, हे आता ध्यानात आले. पण सरकारने थेट पाव कधी दिलाच नाही का?

जुने नाणे:
दिला, परंतु फार उशिरा. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने धान्याच्या जोडीला ऑलिव्ह तेल नियमित वाटायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात सम्राट ऑरेलियनने (कारकीर्द इ.स. २७० ते २७५) गव्हाऐवजी तयार पाव आणि त्यासोबत डुकराचे मांस देण्याची व्यवस्था केली. तोपर्यंत ग्राकसच्या कायद्याला जवळपास चारशे वर्षे होत आली होती. ज्या बेकरीवाल्यांकडे लोक आपापला गहू नेत, त्यांनाच आता सरकारने कामाला जुंपले आणि पुढे तो व्यवसाय सोडण्याचे स्वातंत्र्यही त्यांना उरले नाही. बेकरीवाल्याच्या मुलाला बेकरीवालाच व्हावे लागे.

त्याउलट सुगीचा काळ पाहायचा असेल, तर रोमच्या पोर्ता माज्जोरे वेशीजवळचे एव्रीसासेस या बेकरीवाल्याचे थडगे पाहावे. ते इ.स.पू. पहिल्या शतकातील आहे. तो बहुधा गुलामगिरीतून मुक्त झालेला होता आणि सरकारी कंत्राटांवर गबर झाला. थडग्यावर दळण्यापासून पाव तोलून देण्यापर्यंतचे सगळे काम कोरलेले आहे, आणि दर्शनी भागावरची मोठी गोल छिद्रे कणीक मळण्याच्या पिंपांची तोंडे असावीत, असे बरेच अभ्यासक मानतात.