मेटोप्रोलॉल ही हृदयाची गोळी सुरू असताना चालण्याचा वेग नाडीवरून ठरवावा का?

पांझरेकाठ, धुळे
माझे वय ५७ वर्षे असून आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. मेटोप्रोलॉल, रामिप्रिल, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲटोरव्हास्टॅटिन अशा गोळ्या सुरू आहेत. रोज सकाळी चार किलोमीटर चालतो. पूर्वी भरभर चाललो की मनगटावरचे घड्याळ १३० च्या पुढे ठोके दाखवी. आता घाम निघेपर्यंत चाललो तरी आकडा ९८ च्या वर सरकत नाही. जिममधील प्रशिक्षकांच्या मते २२० मधून वय वजा करून उरलेल्या १६३ च्या सत्तर टक्के, म्हणजे ११४ ठोके गाठल्याशिवाय व्यायामाचा उपयोग नाही. चैत्रात आमच्या गल्लीतील मंडळींबरोबर सप्तशृंगी गडावर पायी जाण्याचा विचार आहे. तोपर्यंत मी वेग वाढवावा का?

गिरणामाई, जळगाव
दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे. वेग वाढवू नका. अडचण तुमच्या चालण्यात नसून त्या सूत्रात आहे. श्रम वाढले की ॲड्रेनॅलिनच्या प्रभावाने हृदयाचे ठोके वाढतात, आणि मेटोप्रोलॉल नेमका तोच प्रभाव अडवते. त्यामुळे विश्रांतीतील नाडी तर उतरतेच, पण श्रम कितीही केले तरी ती पूर्वीइतकी चढत नाही. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसांतही २२० चे सूत्र दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकते. तुमच्यासाठी ते निरुपयोगीच आहे. ११४ गाठण्याच्या नादात तुम्ही स्वतःला झेपेल त्यापेक्षा कितीतरी जास्त ताणाल.

त्याऐवजी श्रमाची जाणीव मोजावी. बोर्ग यांच्या ६ ते २० च्या मापनश्रेणीवर साधारण १२ ते १४, म्हणजे 'थोडे जड जाते आहे, पण चालू ठेवता येईल' अशी अवस्था, बहुतेकांना योग्य ठरते. सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता यावीत, मात्र गाणे म्हणता येऊ नये, ही त्याची घरगुती खूण. नाडीचाच आकडा हवा असेल, तर तो गोळ्या घेतलेल्या अवस्थेत केलेल्या ट्रेडमिल चाचणीवरून डॉक्टरांनी ठरवून द्यावा. 'चालायचे आहे म्हणून आज गोळी नको' असे मात्र कधीही करू नका. ही गोळी एकाएकी बंद केल्यास छातीत दुखणे उफाळू शकते.

आणखी एक गोष्ट. रामिप्रिलने रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. भरभर चालून एकदम थांबलात, तर रक्त पायांत साचते, दाब उतरतो आणि भोवळ येते. शेवटची पाच-दहा मिनिटे वेग हळूहळू कमी करा.

तापीतीर, भुसावळ
भाऊ, माझी बायपास झाली आहे, हृदयाचे पंपिंग ३५ टक्के आहे आणि लघवी वाढवणारी गोळीही सुरू आहे. गेल्या एप्रिलमध्ये गोळी घेऊन सकाळी नऊ वाजता फिरायला निघालो आणि अर्ध्या वाटेत डोळ्यांपुढे अंधारी आल्याने खालीच बसलो. गोळीने पाणी आधीच कमी केले होते, उरलेले घामावाटे गेले. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली आणि मी आता उजाडायच्या आत परततो. पाण्याबाबत मात्र ऐकीव सल्ला घेऊ नये, कारण माझ्यासारख्यांना पाण्याची मर्यादा असते आणि ओआरएसमधील मीठही अंगावर सूज आणू शकते.

पांझरेकाठ, धुळे
दोघांचाही आभारी आहे. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतो, हे लिहायचे राहिले.

गिरणामाई, जळगाव
बरे झाले, सांगितलेत. साखर उतरली की एरवी हात थरथरतात, छाती धडधडते. मेटोप्रोलॉलमुळे या खुणा दबतात, घाम मात्र येतो. म्हणून उपाशीपोटी चालू नका आणि खिशात ग्लुकोज ठेवा. घामासोबत छातीवर दडपण, जबडा किंवा डाव्या हातात कळ असेल, तर ती साखर उतरल्याची खूण समजून चालत राहू नका. तिथेच थांबा आणि मदत मागवा. छातीतल्या कळेसाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट गोळी दिलेली असेल, तर ती बसूनच घ्यावी, कारण उभ्याने घेतल्यास दाब उतरून माणूस कोसळू शकतो.

गडाविषयी सांगायचे तर धुळ्याहून ते अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक आहे आणि चैत्रातले ऊन आपल्याला माहीत आहेच. रोजचे चार किलोमीटर ही त्याची तयारी नव्हे. ट्रेडमिल चाचणीनंतर डॉक्टरांनी होकार दिला, तर मंडळींसोबत पहाटेचा टप्पा चाला, ऊन चढले की गाडीत बसा, आणि शेवटच्या पायऱ्यांऐवजी फ्युनिक्युलर ट्रॉलीने वर जा.

पांझरेकाठ, धुळे
सोमवारी चाचणीची वेळ घेतो. आमच्या मंडळींबरोबर सामानाचा टेम्पो असतोच. त्यात पुढची जागा आजच सांगून ठेवली आहे.