तयारी पूर्ण होण्याआधी उचललेले पाऊल : आपले अनुभव लिहा

अंत्रुजकरीण

श्रावण जवळ आला की गोव्यातील आमच्या गावात भजनी सप्ताहाच्या पाळ्या ठरू लागतात. काल त्यावरच बोलणे चालले होते. माझी भाची कित्येक वर्षे पेटी शिकते आहे आणि घरात फार सुरेल वाजवते; ती म्हणाली, "मावशी, यंदा नको, माझी अजून तयारी झालेली नाही." तिच्या वयाची असताना मीही हेच म्हणत असे. त्यामुळे एक जुनी रात्र आठवली आणि येथे लिहावेसे वाटले.

वास्कोचा श्री दामोदर सप्ताह सर्वांना ठाऊक आहे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालेले भजन तेथे चोवीस तास अखंड चालते. आमच्या देवळातील सप्ताह पुष्कळ लहान असला, तरी भजन खंडित होता कामा नये हा दंडक तेथेही तितकाच कडक आहे. त्या रात्री आमच्या पथकाची पाळी आली तेव्हा पेटीवादक पावसात अडकले होते, आणि पेटी वाजवू शकणारी दुसरी व्यक्ती म्हणजे मीच. मी नाही म्हणाले. तेव्हा पथकातील सर्वांत वडीलधाऱ्या आजी एवढेच म्हणाल्या, "बस गो बाय, जाता तशें वाजय." म्हणजे, बस गं बाई, जसे जमेल तसे वाजव. मी बसले.

माझे वादन कसे झाले हे येथे महत्त्वाचे नाही; तेव्हा लक्षात आलेली गोष्ट मात्र मी आजवर विसरलेले नाही. घरी सराव करताना एखादा स्वर चुकला की मी थांबत असे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करीत असे. त्यामुळे आरंभीच्या ओळी बोटांत पक्क्या बसल्या होत्या, पण चूक झाल्यानंतर पुढे कसे जायचे याचा सराव मला मुळीच नव्हता. भजनात टाळ थांबत नाहीत, तबला थांबत नाही आणि गाणारे तर मागे वळूनही पाहत नाहीत; स्वर निसटला तर पुढच्या समेवर त्यांना गाठावे लागते. हे कौशल्य बंद खोलीत कितीही वर्षे बसून मिळाले नसते, कारण ते इतरांबरोबर वाजवतानाच अंगवळणी पडते. मी ज्या तयारीची वाट पाहत होते, तिचा एक मोठा भाग त्या देवळातच मिळणार होता.

आपल्यापैकी कोणी असे मनाविरुद्ध, अपुऱ्या तयारीनिशी एखादे काम सुरू केले असेल तर कृपया लिहावे. प्रसंग अगदी लहान असला तरी चालेल.

साखळीचा रंगकर्मी

कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत ज्यांनी काम केले आहे, त्यांना तारखेचा धाक वेगळा सांगायला नको. तुमची तारीख एकदा लागली की नेपथ्य अपुरे असो वा प्रकाशयोजना, पडदा त्याच दिवशी उघडतो.

मला मात्र तारखेपेक्षा तालमीविषयी लिहायचे आहे. आमचे पहिले नाटक बसत असताना पहिल्या अंकातील पहिला प्रवेश आम्ही महिनाभर घासत होतो. कोणी कुठून यावे, पेला कुठल्या शब्दावर खाली ठेवावा, यावर रात्रीच्या रात्री गेल्या. तो प्रवेश खरोखर देखणा झाला; पण तिसऱ्या अंकाला हात लागला तेव्हा शेवटचा आठवडा उजाडला होता, आणि नाटकाचे सारे वजन तर तिसऱ्याच अंकात होते. प्रेक्षक घरी जाताना जे बरोबर नेतात, ते आम्ही सर्वांत कमी वेळ देऊन बसवले.

पुढच्या नाटकापासून आम्ही एक पद्धत ठरवली आणि ती आजही पाळतो. पहिल्याच आठवड्यात, सर्वांच्या हातात नकला असताना, संपूर्ण नाटक एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभे राहून करायचे आणि कोणीही मध्येच थांबवायचे नाही. ते अत्यंत कच्चे होते, हे सर्वांना माहीत असते. पण त्या एका रात्रीत कळते की नाटक कुठे रेंगाळते, कुठे कपडे बदलायला वेळच उरत नाही आणि कुठल्या प्रवेशावर खरोखर घाम गाळायला हवा. अंत्रुजकरीण ताईंनी पहिल्या ओळी पक्क्या होत गेल्याचे जे लिहिले आहे, ते वाचताना मला आमचा तो पहिला अंकच डोळ्यांसमोर दिसला.

सत्तरीची मुलगी

चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून अचानक इंग्रजी, हा प्रवास येथे अनेकांनी केला असेल. पणजीला महाविद्यालयात आल्यावर प्रश्न मनात असायचा, पण त्याचे इंग्रजी वाक्य व्याकरणासह पूर्ण जुळेपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असत. एके दिवशी वाक्य जुळण्याआधीच मी हात वर केला. सरांनी नाव घेतल्यावर बोलावेच लागले, आणि जे निघाले त्यात क्रियापदाचा काळ चुकीचा होता. तरी सरांनी माझ्या प्रश्नाचे उत्तर दिले आणि ते फळ्यावर लिहून दाखवले. त्यानंतर मी प्रत्येक तासाला आधी हात वर करू लागले. वाक्य वाटेत सापडते.

म्हापशाचा वाचक

सर्वांचे अनुभव मनापासून आवडले, तरीही एक शंका मांडतो. आपण ज्या भूमीत राहतो तिने केसरबाई केरकर दिल्या, मोगूबाई कुर्डीकर दिल्या. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या ध्वनिमुद्रिकेत आपल्या केरीच्या केसरबाईंचा स्वर आहे. उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षे घेतलेल्या तालमीतून तो स्वर घडला. "जसे जमेल तसे वाजव" हा मंत्र त्यांनी स्वीकारला असता, तर ती उंची त्यांनी गाठली असती का? परिपूर्णतेचा ध्यास हा दोष आहे असे आपण फार सहजपणे ठरवत आहोत, असे मला वाटते.

अंत्रुजकरीण

म्हापशाचे दादा, आपली शंका अगदी योग्य आहे, आणि मी ती टाळणार नाही. उत्तम गाण्याचा ध्यास सोडावा असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण त्या तालमीचे स्वरूप पाहावे. शिष्या गुरूसमोर रोज बसते, आणि तिच्या तानेतील उणीव तिच्यापेक्षा अधिक जाणणाऱ्या कानांवर रोज पडते. स्वतःचे अपुरेपण वर्षानुवर्षे दुसऱ्याला ऐकवणे याला फार मोठे धैर्य लागते. मी दार बंद करून बसत होते तेव्हा माझ्यात उणे होते ते हेच धैर्य. माझी भाची मैफलीऐवजी आधी कोणासमोर तरी वाजवू लागली, तरी मला समाधान वाटेल.

मडगावची परिचारिका

मी शस्त्रक्रिया विभागात काम करते. आमच्याकडे "होईल तसे करू" चालत नाही, म्हणून म्हापशाच्या दादांच्या बाजूने चार शब्द लिहिते, आणि थोडे विरुद्धही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी-यादी पुढे आणली. भूल देण्यापूर्वी, पहिला छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी, असे तिचे तीन टप्पे आहेत. रुग्णाची ओळख, शस्त्रक्रियेची जागा, ॲलर्जी, बोळे आणि उपकरणे यांची मोजदाद, अशा बाबी मोठ्याने विचारून खात्री करून घ्यायच्या असतात. ही यादी एका पानाची आहे. ती पूर्ण झाली की काम सुरू होते आणि पुढे जे समोर येईल ते अनुभवावर आणि सहकाऱ्यांवर विसंबून हाताळले जाते.

घरी मात्र मला वर्षानुवर्षे असे काही जमत नव्हते. बढतीच्या परीक्षेचा अर्ज भरायचा तर आधी अमुक पुस्तक वाचू, मग तमुक टिपणे काढू, आणि एक झाले की मनात दुसरे उभे राहायचे. मनातल्या अटी वाढतच राहतात. कागदावरच्या यादीला शेवटची ओळ असते. म्हणून मी एका संध्याकाळी अर्जाआधी खरोखर आवश्यक असलेल्या गोष्टी लिहून काढल्या. कागदपत्रे, शुल्क आणि वरिष्ठांची सही, एवढेच निघाले. अभ्यास अर्जानंतरही करता येणार होता. अर्ज त्याच आठवड्यात गेला.

डिचोलीहून

माझी कादंबरी अजून कपाटात आहे. आठवे प्रकरण पुन्हा लिहितो आहे. सर्वांचे वाचतो आहे, एवढेच सांगायचे होते.

साखळीचा रंगकर्मी

डिचोलीहून लिहिणाऱ्या मित्रा, आठवे प्रकरण तसेच राहू द्या आणि शेवटचे प्रकरण आधी लिहून टाका. नंतर वाचायला कोणी हवे असेल तर मी आहे. साखळी काही लांब नाही.

समुपदेशक, पणजी

माझ्या व्यवसायामुळे हा विषय रोज समोर येतो, म्हणून थोडी शास्त्रीय बाजू मांडते. पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी 1991 साली परिपूर्णतेच्या आग्रहाचे तीन पैलू मांडले : स्वतःकडून असलेली अवाजवी अपेक्षा, इतरांकडून असलेली अपेक्षा, आणि समाजाला माझ्याकडून निर्दोष कामच हवे आहे अशी समजूत. माझ्याकडे येणाऱ्या तरुणांना बहुधा तिसरा पैलू सर्वाधिक छळतो. गोवा लहान आहे. देवळात, बाजारात, लग्नात तीच माणसे पुन्हा भेटतात, आणि चूक झाली तर ती सर्वांच्या लक्षात राहील ही भीती येथे मूळ धरते.

उपचारात आम्ही एक प्रयोग करायला सांगतो. काम पुढे पाठवण्यापूर्वी आपल्याला कोणत्या अनर्थाची भीती वाटते, हे नेमक्या शब्दांत लिहून ठेवायचे. मग ते काम जरा अपुरे असतानाच पाठवायचे आणि काही दिवसांनी प्रत्यक्षात काय घडले ते त्याच कागदावर शेजारी लिहायचे. नुसत्या समजावण्याने न हलणारी भीती या शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन नोंदींनी हलते, असे मी अनेकदा पाहिले आहे. ज्यांची झोप आणि भूक या आग्रहामुळे हरपली आहे, त्यांनी एकट्याने झुंजत न राहता तज्ज्ञांना अवश्य भेटावे.

पेडण्याची सुगरण

मी जास्त शिकलेली नाही, पण समुपदेशक ताईंचा प्रयोग मी नकळत केला आहे असे वाटते. चवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, विकायला सुरुवात करावी असे घरचे म्हणत होते. माझ्या सासूबाईंच्या हातची मुरड अशी यायची की कातण्याची गरजच पडत नसे. तशी मुरड आल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत, असे मी मनाशी धरले होते. बचतगटातील मैत्रिणीने मला न विचारताच दोन घरांची मागणी घेतली. मग मी सरळ कातण्याने कडा कापल्या, सारण मात्र सासूबाईंच्या प्रमाणात केले. गिऱ्हाइकाने कडेबद्दल अवाक्षर काढले नाही. वेलची ताजी आहे का, एवढेच विचारले आणि पुन्हा मागणी दिली. पुढे अन्न सुरक्षेची नोंदणी केली. लहान घरगुती व्यवसायासाठी तेव्हा वर्षाला शंभर रुपये शुल्क होते आणि अर्ज ऑनलाइन झाला. मुरड मी अजून शिकते आहे, आणि रोज हातात पीठ असल्यामुळे ती आता पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगली येते.

खाजनातला शेतकरी

निवृत्तीनंतर वडिलोपार्जित पड जमीन पुन्हा कसायची ठरवली. आमची जमीन खाजनातली. ज्यांनी खाजन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाडीचे खारे पाणी बांधाने अडवलेले असते आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या वाटेची, दारे भरतीला मिटतात व ओहोटीला उघडतात, त्यामुळे आतले पाणी बाहेर जाते आणि बाहेरचे आत येत नाही. तरीही मातीत मीठ उरतेच. म्हणून पावसाळ्याआधी माती उकरून ढीग घालतात, पहिले पाऊस त्यातले मीठ धुऊन नेतात, आणि मग कोरगुटाचे रुजवलेले बी पडते. कोरगुट हे खारटपणा सोसणारे आपले जुने भात आहे.

मी मातीचे नमुने तपासून घेतले, पुस्तके आणली, नकाशे काढले. प्रत्येक अहवालातून नवा प्रश्न निघत असे आणि त्याच्या उत्तरासाठी मी आणखी एक हंगाम मागे घेत असे. शेजारच्या शेतकऱ्याने अखेर विचारले, "मीठ धुवायला पाऊस हवा, हे मला समजते, पण तुम्ही कशासाठी थांबला आहात?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मीठ धुतले जाईपर्यंत थांबणे आवश्यक होते, कारण त्या काळात जमिनीत खरोखर काही घडत होते. माझ्या कागदांमुळे जमिनीत काहीही घडत नव्हते. तेव्हापासून कुठल्याही कामात थांबताना मी पाहतो की या थांबण्याच्या काळात काय बदलणार आहे. काही बदलणार असेल तर निश्चिंतपणे थांबतो.

त्या वर्षी मी एकाच तुकड्यात पेरले. एका कोपऱ्यात बी आलेच नाही, कारण तेथे पाणी साचत होते, आणि हे कुठल्याही अहवालात लिहिलेले नव्हते. पुढच्या वर्षी चर काढला.

सत्तरीची मुलगी

काका, आमच्या मामाची जमीनही खाजनात आहे आणि ती पड आहे. पुढच्या वर्षी नीट नियोजन करून सुरुवात करावी असे तो म्हणतो. कोरगुटाचे बी आपल्याकडे मिळेल का?

खाजनातला शेतकरी

बी आहे, थोडेसे देऊ शकेन. मामांना म्हणावे, आधी आपल्या कुळांच्या संघटनेकडे बांधाची आणि मानशीची चौकशी करा, कारण मानस गळकी असेल तर बी वाया जाईल. ते पाहिल्याशिवाय पेरू नका. मानस ठीक असेल तर यंदाच एक लहान तुकडा धरा आणि त्यातली माती पाऊस पडण्याआधी उकरून ठेवा. मला संदेश पाठवा, म्हणजे बी कधी रुजत घालायचे ते सांगतो.