दिवाळी खरेदीसाठी सोलापूरहून बस करून हैदराबाद : परवडतं का? बॉर्डर टॅक्सचं काय?

जुळेसोलापूरकरीण

नमस्कार मंडळी. आमच्या अपार्टमेंटमधल्या बायकांचं यंदा ठरतंय की दिवाळीची खरेदी हैदराबादला जाऊन करायची, सोबत चार-पाच नवरे पण आहेत पिशव्या धरायला. भिशीचे पैसे हातात आलेत त्यामुळे सगळ्यांच्याच अंगात आलंय. पस्तीस-चाळीस डोकी होतील म्हणजे एक बस फुल. प्लॅन असा की शुक्रवारी रात्री दहाला निघायचं, पहाटे पोचायचं, दिवसभर चारमिनार आणि आजूबाजूचं मार्केट, रात्री परत बसायचं आणि रविवारी सकाळी घरी. मोती, लाखेच्या बांगड्या, काजू-बदाम-पिस्ते, जमल्यास पोचमपल्लीच्या साड्या, अशी यादी आहे.

आता एका ट्रॅव्हल्सवाल्यानं भाडं सांगितलं ते ठीक वाटलं, पण वर म्हणाला बॉर्डर टॅक्स वेगळा पडेल आणि तोही दोनदा, कारण मध्ये कर्नाटक लागतं आणि मग तेलंगणा. हे खरंय का बायका बघून सांगतोय? येताना एवढं सामान बघून नाक्यावर अडवतात का तेही सांगा. आणि सासूबाई पहिल्या दिवसापासून म्हणतायत की चाटी गल्लीत काय मिळत नाही म्हणून तीनशे किलोमीटर जाताय, त्यांना काय उत्तर देऊ? :)

पूर्वभागातला अण्णा

जावा की ताई, पण रात्री दहाला निघू नका ओ. सगळे इथंच फसतात. रस्ता आता चांगलाय, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद करत बस सहा-सात तासांत पोचती, म्हणजे तुम्ही पहाटे साडेचार-पाचला चारमिनारसमोर उभे आणि दुकानं उघडणार अकराला. चारमिनारला लागूनच्या लाड बाजारातले काहीजण तर बाराला शटर वर करतात, रात्री मात्र उशिरापर्यंत चालू असतात. तोवर चाळीस माणसं करणार काय आणि बाथरूमला जाणार कुठं? मग लॉजच्या दोन-तीन खोल्या घ्यायच्या फ्रेश व्हायला, तो खर्च कुणी धरलेला नसतो, आणि निम्म्या बायका म्हणणार आम्ही तोंड बसमध्येच धुतलं आम्ही का द्यायचे. लागलं भांडण. त्यापेक्षा शनिवारी पहाटे तीनला निघा, जहीराबादच्या आसपास नाष्टा करा, साडेदहाला गावात. रात्री नऊला परत. रविवार धरू नका, बेगम बाजारातले होलसेलवाले रविवारी बरेचसे बंद असतात आणि तुमचं ड्रायफ्रूट तिथंच आहे.

दुसरं, मोठी बस चारमिनारजवळ जातच नाही. तो भाग पायी फिरायला मोकळा केलाय, ड्रायवर लांब कुठंतरी सोडतो आणि तुम्ही चालत बसता. आमची माणसं काय करतात सांगतो, मियापूर आपल्याच हायवेला लागून आहे, मेट्रोची लाल लाइन तिथनंच सुटती. बसमधनं तिथं उतरायचं, मेट्रोनं थेट एमजीबीएस म्हणजे इमलीबन स्टँड, तिथनं रिक्षानं दोन किलोमीटरवर चारमिनार. गावातलं सगळं ट्रॅफिक वाचतं. फक्त येताना मेट्रोचं नाव काढू नका, चेकिंग असतं, मोठी गाठोडी आत सोडत नाहीत. रात्री बसलाच अफझलगंजच्या बाजूला बोलवायचं, तोवर गर्दी पण जरा कमी होती.

आणि हो, ड्रायफ्रूट शेवटी घ्या. बेगम बाजार मुसी नदीच्या अलीकडं, अफझलगंजला लागून. सकाळीच घेतलं तर दिवसभर पाच किलो बदाम खांद्यावर. नवरे चार-पाचच आहेत तुमच्याकडं.

कुंभारवेस

एवढं करून बदाम किलोमागे किती स्वस्त पडणार ओ? बसचं भाडं, नाष्टा, जेवण धरलं तर माणशी हजार-दीड हजार गेलेच. तेवढ्यात आपल्या मधल्या मारुतीच्या बाजारात होलसेलमध्ये घ्या आणि घरी बसून खावा. सासूबाई बरोबर बोलतायत.

पूर्वभागातला अण्णा

@कुंभारवेस फक्त बदामासाठी कोण जातंय बे. फिरायला चाललीत बायका, वर्षभर घरात असतात.

लालपरी ते व्होल्वो

टॅक्सचं मी सांगतो, याच लाइनीत आहे. तुमचा ट्रॅव्हल्सवाला खोटं बोलतोय असं लगेच धरू नका, पण त्याला एकच प्रश्न विचारा, गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का? २०२३ पासून त्याचे नवे नियम आलेत, ऑनलाइन वर्षाची नाहीतर तीन महिन्यांची फी भरायची, ती केंद्राकडून राज्यांना वाटली जाते, नियमाप्रमाणे मग प्रत्येक बॉर्डरला वेगळा टॅक्स भरायचा नाही. असं परमिट असेल तर बॉर्डर टॅक्सच्या नावानं तो जे मागतोय ते कशाचं ते लिहून मागा. परमिट फक्त महाराष्ट्राचं असेल तर मात्र दोन्ही राज्यांसाठी विशेष परवाना काढावा लागतो आणि टॅक्स भरावा लागतो, तेव्हा त्याचं म्हणणं बरोबर. पण मग पावत्या दाखव म्हणायचं. पावती नाही तर पैसे नाही.

परमिटची, फिटनेसची आणि इन्शुरन्सची झेरॉक्स ॲडव्हान्स द्यायच्या आधी बघायची, तारखा वाचायच्या. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, ती भाड्यानं चालवायची नसतेच, अपघात झाला तर इन्शुरन्सवाला हात वर करतो. आणि गाडीत प्रवाशांची यादी लागते, नाव वय सगळं. आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर गोळा करून त्याला द्या, ऐनवेळी "माझी जाऊ पण येतीय" झालं की यादीत नाव नाही.

दोन ड्रायवर पाहिजेतच. जाऊन येऊन सहाशेच्या वर किलोमीटर, कायद्यानं ड्रायवरला दिवसाला आठ तास ड्युटी. एकटाच माणूस पहाटे तीनला निघून दिवसभर पार्किंगमध्ये उन्हात पडून रात्री परत चालवणार म्हणजे उमरग्याच्या पुढं त्याचे डोळे मिटणारच. भाडं कमी करा म्हणून घासाघीस करता तेव्हा पहिला दुसरा ड्रायवरच कमी होतो, हे लक्षात ठेवा.

सामानाचं टेन्शन घेऊ नका. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून सेल्स टॅक्सचे नाके उठले. घरच्या वापराच्या साड्या-बांगड्या कुणी उचकत नाही, तरी बिलं एका पाकिटात ठेवा. कुणी विकायला माल भरणार असेल आणि एका बिलाचा माल ५०,००० च्या वर गेला तर ई-वे बिल लागतं, ते तिथल्या दुकानदाराकडूनच करून घ्यायचं. आणि कुठं निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर भिशीची रोकड एकीच्याच पर्समध्ये ठेवू नका, ५०,००० च्या वर कॅश सापडली की कागद दाखवा म्हणतात.

शेळगीची काकू

मी वेगळंच सांगते, रागावू नका. हैदराबादला सगळेच जातात. तुम्ही इरकल-खण घेणाऱ्यातल्या असाल तर बस उलट्या दिशेला वळवा. टाकळीचा भीमेचा पूल ओलांडला की कर्नाटक, विजापूर शंभर किलोमीटर, तिथनं आलमट्टी, हुनगुंद करत इलकल. बसनं साडेचार-पाच तास धरा. एकच बॉर्डर, पहाटे निघालं तर दहाला हातमागासमोर.

आमच्या आज्यांच्या अंगावरचं इरकल तिथलं, सोलापुरात मिळतं की, पण तिथं विणकराच्या घरी बसून बघितलं की कळतं आपल्याला काय म्हणून काय विकतात ते. खऱ्या हातमागाच्या इरकलमध्ये अंगाचा ताणा म्हणजे उभे धागे वेगळे आणि पदराचा ताणा वेगळा असतो, ते दोन्ही एकमेकांत अडकवून जोडतात, त्याला कोंडी म्हणतात. साडी घेताना पदर जिथं सुरू होतो तिथं उलटी करायची आणि बोट फिरवायचं. बारीक बारीक गाठींची सलग ओळ बोटाला लागते, आडवी, या काठापासून त्या काठापर्यंत. पॉवरलूमच्या नकलेत तिथं नुसता रंग बदलतो, बोटाला काही लागत नाही. पदर लाल आणि त्यात पांढऱ्या रेशमाचे फणीसारखे दात, ते टोपतेनी. काठात गोमी, चिक्कीपरास असे प्रकार आहेत, मला गोमी आवडते. सुती, निम्मं सूत निम्मं रेशीम आणि पूर्ण रेशीम, तिन्हीच्या किमतीत खूप फरक, आणि चमकतंय म्हणजे रेशीम असं नाही, आर्ट सिल्क पण चमकतं, त्यामुळं बिलावर काय आहे ते लिहून घ्या.

खणासाठी गुळेदगुड्ड, बदामीच्या जवळ. पूर्वी नुसता चोळीचा तुकडा मिळायचा, अरुंद पन्ह्याचा, आता त्याच्याच साड्या, पर्सा, तोरणं, आकाशकंदील सगळं करतात लोक. बचत गटातली कुणी असेल तुमच्यात तर तिनं खणाच्या कापडाचा पूर्ण ताकाच घ्यावा. मात्र इलकल आणि गुळेदगुड्ड एका दिवसात दोन्ही करायचं तर विजापूरला गोलघुमटासाठी थांबू नका. पोरं "आवाज घुमवायचा" म्हणून हट्ट धरतात आणि दोन तास जातात.

सराफ कट्ट्यावरचा

मोत्याचं थोडं. हैदराबादला समुद्र नाही, तिथं मोती पिकत नाही, बाहेरनं येतो, आजकाल बहुतेक चीनचा गोड्या पाण्यातला कल्चर्ड, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला. तिथली खासियत म्हणजे भोक पाडणं, निवडणं, ओवणं, आणि व्हरायटी. त्यामुळं "समुद्रातला ओरिजिनल" म्हणून कुणी डबल भाव सांगितला तर हसा आणि पुढं जावा. चारमिनारजवळ पत्थरगट्टीच्या जुन्या दुकानांत बसा, रस्त्यावर धरून नेणाऱ्या पोराच्या मागं जाऊ नका, त्याचं कमिशन तुमच्याच बिलात असतं. दोन मोती एकमेकांवर घासायचे, खरे असले तर किंचित खरखर लागती, काचेचे-प्लास्टिकचे गुळगुळीत सरकतात. सगळे दाणे अगदी एकसारखे, एकाच गोलाईचे आणि भाव मात्र पाचशे, तर समजून घ्या. माळेत प्रत्येक मोत्यामागं गाठ मारून घ्या, तुटली तरी सगळी सांडत नाही. कानातलं वजनदार निघालं तर परत येऊन इथं ठीक करून मिळतं पण ओवायचं काम तिथंच करून घ्या, समोर बसून हातोहात करून देतात.

लाखेच्या बांगड्यांना २०२४ मध्ये जीआय टॅग म्हणजे तिथलीच खास वस्तू असा सरकारी शिक्का मिळालाय, लाड बाजारात शिगडीवर लाख तापवून हाताच्या मापाची वळवून, वर खडे बसवून देतात. माप सैल सांगू नका. आणि येताना ती पिशवी बसच्या काचेजवळ उन्हात ठेवू नका, लाख आहे ती.

कुंभारवेस

इलकलचं पटलं बुवा. ते मधल्या मारुतीला मिळत नाही.

जुळेसोलापूरकरीण

बापरे, किती माहिती दिलीत, सगळ्यांना धन्यवाद. ट्रॅव्हल्सवाल्याला आत्ताच फोन केला, ऑल इंडिया परमिट विचारल्यावर आधी म्हणाला "मॅडम तुम्हाला काय करायचंय", मग म्हणाला आहे, पाठवतो. बघू. काकू, तुमचं इरकलचं वाचून निम्मा ग्रुप फुटलाय :D सासूबाईंना पण वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या इलकलला असेल तर मी पण येते, म्हणजे आता चाटी गल्लीचा विषय संपला. बहुतेक दिवाळीला हैदराबाद आणि संक्रांतीच्या आधी इलकल असं होईल.

एकीनं विचारलंय, ट्रॅव्हल्सऐवजी एसटीनं गेलं तर? बायकांना हाफ तिकीट आहे ना, विजापूरपर्यंत निम्म्यात जाऊन येऊ म्हणते. आणि तिकडं कर्नाटकात तर बायकांना फुकटच आहे म्हणे.

लालपरी ते व्होल्वो

दोन्हीकडं अर्धवट माहिती आहे ताई. आपल्या एसटीतलं बायकांचं ५० टक्के मार्च २०२३ पासून चालू आहे पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं, टाकळीच्या पुढं फुल तिकीट. कर्नाटकची शक्ती योजना जून २०२३ ची, ती तिथल्याच रहिवासी बायकांना, तिकडच्या पत्त्याचं ओळखपत्र लागतं, सोलापूरचं दाखवून चालत नाही. तेलंगणात पण तीच गत. ग्रुपला एसटीच पाहिजे असेल तर डेपोत जाऊन प्रासंगिक करारावर अख्खी गाडी मिळते का विचारा, पण दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या गाड्या जादा फेऱ्यांना लागलेल्या असतात, त्यामुळं आत्ताच जावा. संक्रांतीच्या आधीचं म्हणाल तर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ठरवू नका, बस गावातनं बाहेर काढायलाच तास जाईल.

पूर्वभागातला अण्णा

भाव करताना तुमच्यातल्या तेलुगूवालीला पुढं करतील सगळ्या, पण जुन्या शहरात दखनीच चालती, आपली सोलापुरी हिंदी बिनधास्त बोला, लगेच ओळखतात "शोलापूर से आये क्या" म्हणून. पहिल्या भावाच्या निम्म्यापासून सुरू करा. तेलुगू कोटी भागातल्या सुल्तान बाजारात कामाला येती. पोचमपल्लीची साडी मात्र रस्त्यावर घेऊ नका, विणकरांच्या सोसायटीच्या शोरूममध्ये घ्या, तिथं भाव कमी होत नाही पण साडी तरी खरी.

जुळेसोलापूरकरीण

ओके अण्णा. शनिवार पहाटे तीन फायनल केलं. शेवटचं, चाळीस जणींच्या पिशव्या डिकीत मावतील का?

लालपरी ते व्होल्वो

जाताना डिकी रिकामी ठेवा, गाद्या-उशा-खाऊचे डबे वरच्या रॅकला. चढताना प्रत्येकीला एकाच रंगाच्या दोन मोठ्या गोण्या द्या आणि त्यावर मार्करनं सीट नंबर लिहा, नाव नको, तुमच्याकडं दोन-तीन सुनीता असतीलच. सुटी पिशवी डिकीत घ्यायची नाही म्हणून क्लीनरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहाटे चारला जुळे सोलापुरात रस्त्यावर उभं राहून कुणाच्या बांगड्या कुणाकडं गेल्या ते शोधत बसाल.