बंदराच्या शहरात आलात, मग दिवस संग्रहालयात का घालवायचा?

उंडगा
भांडण होणार हे माहीत असूनही लिहितोय. बंदराच्या शहरात दीड-दोन दिवस असतील तर संग्रहालयं आणि कलादालनं सरळ गाळावीत. चित्रंच बघायची तर राजधान्या आहेत. बंदर बघायचं ते पायी, वारा खात, धक्क्याच्या कडेकडेने.

उदाहरण देतो. फ्रान्समधलं ल आव्र. क्लोद मोनेने १८७२ साली तिथल्या हॉटेलच्या खिडकीतून धुक्यातलं बंदर आणि उगवता सूर्य रंगवला. पुढे त्याच चित्राच्या ‘इंप्रेशन, सनराइज’ या नावावरून त्या चित्रशैलीसाठी ‘इंप्रेशनिझम’ हा शब्द रुळला. आज ते चित्र कुठे आहे? पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयात. चित्र राजधानीने नेलं, बंदराकडे उजेड राहिला. तो बघायला छताखाली कशाला शिरायचं?

दुसरं, लिव्हरपूलचा अल्बर्ट डॉक. १८४६ साली खुला झाला. आग लागू नये म्हणून सगळा सांगाडा लोखंड, वीट आणि दगडाचा, लाकूड नाही. कापूस, चहा, साखर, तंबाखू इथे उतरायचं. १९७२ साली तो बंद पडला आणि १९८८ मध्ये त्याच गोदामांत टेट हे आधुनिक कलेचं दालन आलं. बिडाचे ते जाडजूड खांब बघा, पुरे आहेत. आत पांढऱ्या भिंतीवर टांगलेलं काहीतरी बघून बंदर कळत नाही.

जुनी पाटी
ल आव्रचं उदाहरण देऊन तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलात. तिथलं जुनं संग्रहालय १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. नवं, म्हणजे मुमा, १९६१ साली उभं राहिलं ते बंदराच्या अगदी तोंडाशी आणि भरपूर काचेचं. आत यूजीन बुदांची आकाशं आहेत, एकापुढे एक, नुसती ढगांची. मोनेला उघड्यावर जाऊन रंगवायला लावणारा माणूस हाच. त्याचे ढग बघायचे, मान वळवायची आणि काचेबाहेर तेच ढग शोधायचे. मी तासभर हाच उद्योग केला. बाहेर आल्यावर मला ढगांत राखाडी रंगाच्या कितीतरी छटा दिसायला लागल्या, आत जाण्याआधी एकच दिसत होती. तुम्ही त्याच धक्क्यावर वारा खाऊन आलात, तुम्हाला किती दिसल्या?

तिसरा इंजिनिअर
मालवाहू जहाजावर नोकरी करतो, म्हणून राहवलं नाही. उंडगासाहेब, तुम्ही ज्या धक्क्यावर फिरलात ते बंदर नाही, बंदराची जुनी वरात निघून गेल्यावर उरलेला मांडव आहे.

१९५६ साली अमेरिकेत न्यूअर्कहून ह्यूस्टनला ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज ५८ कंटेनर घेऊन निघालं. तिथून शहरातल्या गोद्यांची घरघर सुरू झाली. कंटेनरला हवी मोकळी जमीन, खोल पाणी, रूळ आणि हमरस्ता. चार-पाच मजली गोदामाचा त्याला उपयोग शून्य. जहाजं वाढत गेली, बंदरं समुद्राकडे सरकत गेली. रॉटरडॅमचं मासव्हलाक्टे टर्मिनल शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे, समुद्रात भराव घालून केलेलं. वर २००४ पासून सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम लागू झाले, कुंपण आणि गेटपास आले. तुम्हाला आत कोण सोडणार? आम्ही आतले, तरी जहाज लागल्यापासून सुटेपर्यंत कधीकधी जमिनीला पाय लागत नाही.

म्हणजे सामान्य माणसाला बंदर कळायची जागा आता संग्रहालयच. फक्त एक तक्रार आहे. जहाजांच्या प्रतिकृती, दुर्बिणी, अ‍ॅडमिरलच्या टोप्या सगळीकडे. इंजिनरूममध्ये राबणाऱ्यांचं आयुष्य दाखवणारा कोपरा मी शोधतच असतो.

उंडगा
मांडवाची उपमा झोंबली, पण आवडली. तरी माझा मुद्दा तोच. निघून गेलेल्याची खूण दगडात राहते. तो दगडच बोलतो.

हिशेबनीस
दगड बोलत नाही हो, आणि बोललाच तर धन्याच्या बाजूने बोलतो.

तुमचाच अल्बर्ट डॉक घ्या. ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली १८०७ साली, डॉक झाला १८४६ ला. त्या भिंतीकडे दिवसभर बघितलंत तर हिशेब स्वच्छ वाटेल. पण तुम्ही किती सहज लिहिलंत, ‘कापूस उतरायचा’. लिव्हरपूलला येणाऱ्या कापसाचा मोठा भाग अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा आणि तिथली गुलामी कायद्याने संपली १८६५ ला. त्या गोदामाच्या उमेदीच्या वर्षांत आत रचलेल्या गठड्या कुणाच्या हातांनी वेचलेल्या होत्या ते बिडाच्या खांबावर लिहिलेलं नाही. हे सांगण्यासाठी त्याच डॉकच्या आवारात २००७ साली आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालय उघडलं. तारीखही ठरवून घेतलेली, २३ ऑगस्ट, गुलामांच्या व्यापाराच्या स्मरणाचा दिवस.

ब्रिस्टलमध्ये तर उलट्या क्रमाने झालं. एडवर्ड कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा १८९५ पासून भर चौकात उभा होता, खाली सद्गुणी, शहाणा सुपुत्र अशा अर्थाची पाटी. दगड आणि ब्राँझ सव्वाशे वर्षं हेच बोलत होते. ७ जून २०२० ला लोकांनी तो पाडून बंदराच्या पाण्यात ढकलला. आता तो एम शेड या संग्रहालयात आडवा ठेवलाय, अंगावरच्या रंगाच्या डागांसकट. आणि एम शेड म्हणजे काय, तर धक्क्यावरचीच जुनी मालशेड. चौकात त्याच्याकडे मान वर करून बघावं लागायचं, इथे खाली वाकून. पुतळा तोच आहे.

उंडगा
१८०७ आणि १८४६ मधली मेख माझ्या लक्षात आली नव्हती. कापसाचं वाक्य मागे घेतो. पण हे संग्रहालय झालं. कलादालनांचं काय? स्पेनमधल्या बिल्बाओत १९९७ साली गुगेनहाइम आलं, नदीकाठी जिथे बंदराचं, कारखान्यांचं काम चालायचं तिथे टायटॅनियमची चकचकीत इमारत. तेव्हापासून प्रत्येक बंदराला वाटतं, गोदी गेली तर आर्किटेक्ट बोलवा. त्यापेक्षा बेल्जियममधल्या अँटवर्पचं मास हे संग्रहालय बरं वाटलं. भारतातून नेलेल्या लाल वालुकाश्माचा मनोरा आहे. परदेशी बंदरात आपल्याकडचा दगड बघून उगाच हात लावावासा वाटला. सरकत्या जिन्यांनी फुकट गच्चीपर्यंत जाता येतं. शेल्ट नदी, जुन्या गोद्या, लांबवर क्रेन, सगळं दिसतं. अडीच तास होतो वर.

जुनी पाटी
म्हणजे संग्रहालयातच होतात की! अडीच तास!

उंडगा
गच्चीवर. दालनांत पाऊल टाकलं नाही.

हिशेबनीस
तो मनोरा बांधलाच का, हे तरी येताना कुठल्या तरी मजल्यावर वाचायचं. शहराचा जगाशी आलेला संबंध दाखवायलाच तो बांधलाय. क्रेन दिसल्या, त्यांनी काय उचललं ते खाली राहिलं.

तिसरा इंजिनिअर
तुमची ही चैन बघून हेवा वाटतो. आमचं जहाज लागतं नेमकं सोमवारी, आणि युरोपातली निम्मी संग्रहालयं सोमवारी बंद.

उंडगा
सोमवारी धक्का उघडा असतो.

तिसरा इंजिनिअर
तुम्हाला असेल. माझा बारा ते चार वॉच असतो, इंजिनरूममधली पाळी.