रंगवलेली टेकडी कोणाची? असल्फा, ग्राफिटी आणि आपलेपणा

गेरूची_रेघ
2018 च्या सुरुवातीला घाटकोपरच्या असल्फा टेकडीचे फोटो सगळीकडे फिरले. 'चल रंग दे' उपक्रमात घरांच्या बाहेरच्या भिंती रंगल्या, मेट्रोतून जाणारे खिडकीशी गोळा झाले, इटलीतल्या रंगीत घरांच्या गावावरून 'मुंबईचं पोझितानो' म्हणून कौतुकही झालं. मला यात आपलेपणा दिसत नाही. पाहणाऱ्याला चित्र मिळालं, राहणाऱ्याचं नाव कुठेच आलं नाही. आजच्या ग्राफिटीचा, म्हणजे भिंतींवर रंगाने केलेल्या लिखाणाचा, जन्मच नावातून झाला. 1971 साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात 'टाकी 183' अशी सही भिंतींवर करणारा पोरगा गाजला, त्यातला 183 म्हणजे तो राहायचा ती गल्ली. मी इथला आहे, एवढंच तो भिंतीभिंतीवर सांगत होता. आपल्याकडेही 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' भिंतींवर लिहिलं गेलं, 'जय भीम' आजही निळ्यात लिहिलं जातं. त्याला ब्रश लागतो, प्रायोजक नाही.

परांचीवरून
अजिबात पटलं नाही. नाव लिहिलं की आपलेपणा आला, तर गडांच्या तटबंदीवर बदामात नावं लिहिणारे सर्वांत मोठे गडप्रेमी म्हणायचे का? ती नावं काढताना काय होतं ते ऐका. दगडावरचा ऑइलपेंट थिनरने पुसला की तो पातळ होऊन छिद्रांत आणि चुन्याच्या सांध्यांत शिरतो. तारेचा ब्रश मारला तर दगडाचा वरचा थर जातो. रिमूव्हर जेलचा लेप द्यायचा, वर प्लास्टिकचा कागद, 20 ते 30 मिनिटं थांबायचं, मग नायलॉनचा ब्रश आणि पाणी. तरी सावली उरतेच.
न्यूयॉर्कच्या भुयारी गाड्यांच्या खिडक्याही रंगाने झाकलेल्या असायच्या, आतल्या प्रवाशाला स्थानकाचं नाव वाचता येत नसे. मे 1989 मध्ये शेवटची रंगवलेली गाडी सेवेतून काढली, तेव्हा त्याच शहरात राहणाऱ्या लाखो लोकांना गाडी आपली वाटू लागली. त्यांचा आपलेपणा मोजायचा नाही?

पत्रा_प्रायमर
दोघेही भिंतीला कागद समजून बोलताय. वस्तीतल्या घरांत विटा, सिमेंटचा गिलावा आणि पत्रा शेजारी शेजारी असतात, एकच डबा तिन्हींवर चालत नाही. जस्ती पत्र्यावर साधा एनॅमल थेट मारला की जस्ताशी अभिक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा, 180 नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला घट्ट धरणारं अस्तर मारा, मगच रंग. गंजलेल्या लोखंडी पत्र्याला तारेचा ब्रश आणि रेड ऑक्साइडचा प्रायमर.
नवा गिलावा 28 दिवस तरी वाळू द्या. पावसाळ्यानंतर एक फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून 24 तास भिंतीवर ठेवा. आतून दव धरलं तर थांबा, नाहीतर पांढरे क्षार फुटून चित्र वर उचलतात. आणि छप्पर गळत असताना बाहेरून इमल्शन मारलं तर ओल आत अडकते, पोपडे घरातल्या बाजूला धरतात. म्हणून कुठल्याही वस्तीत रंगाआधी छप्पर. क्रम उलटा झाला, तर गेरूची_रेघ यांची तक्रार रास्त ठरते. नावाचा मुद्दा मात्र मला गौण वाटतो.
आणखी एक. गडद रंगाचा पत्रा मे महिन्यात जास्त तापतो. लांबून उठून दिसणारा जांभळा आत राहणाऱ्याला नको असू शकतो. छपराला पांढराच द्या.

पाच_बाय_पाच
अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचं उदाहरण राहिलंच. 1984 मध्ये तिथल्या पालिकेने ग्राफिटीविरोधी मोहीम काढली, त्यात चित्रकार जेन गोल्डन यांनी भिंती रंगवणाऱ्या पोरांनाच भित्तिचित्रांच्या कामाला घेतलं. पुढे शहरभर हजारो चित्रं झाली. चित्र ठरवण्याआधी वस्तीच्या बैठका होतात. पॅराशूट क्लॉथ नावाच्या पातळ न विणलेल्या कापडाचे पाच फुटी चौकोन कापतात, त्यावर रेघा आखून रंगांचे आकडे टाकतात. शाळेत, वृद्धाश्रमात, तुरुंगातसुद्धा लोक बसून ते रंगवतात. नंतर ॲक्रिलिक जेलने तुकडे भिंतीला चिकटवतात. ज्या आजींना परांचीवर चढता येत नाही त्यांचा हातही चित्रात येतो. परवानगी आणि आपलेपणा एकमेकांच्या आड येतातच असं नाही.

गेरूची_रेघ
पत्रा_प्रायमर, क्रमाचं म्हणणं मान्य, माझ्या धाग्यात ते यायला हवं होतं. गडांबद्दलही परांचीवरून यांचं बरोबर आहे, वारशाच्या दगडाला ब्रश लागता कामा नये. पण पाच_बाय_पाच, आकडे टाकलेला चौकोन भरणं म्हणजे विषय ठरवणं नव्हे. त्या बैठकीत 'चित्र नको, इथे आमच्या गल्लीचं नाव हवं' असं कोणी म्हणालं तर ऐकतील? वस्तीतल्या प्रत्येक रंगीत भिंतीचे खालचे पाच फूट कोरे ठेवावेत, तिथे राहणाऱ्यांनी लिहावं.

परांचीवरून
त्या पाच फुटांवर पहिल्या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह येईल, दुसऱ्या दिवशी क्लासची जाहिरात. जागा द्यायचीच तर काळा फळा द्या. आपल्या चौकांत तो आहेच. खडूने लिहा, ओल्या फडक्याने पुसा, उद्या दुसऱ्याने लिहावं.

गेरूची_रेघ
फळ्याची किल्ली मंडळाच्या अध्यक्षाकडे असते. भिंतीला किल्ली नसते.